वाकड्या टिपेचा पडदा

जुने कुर्ते, टेलरकडच्या चिंध्या आणि भाड्याच्या खोलीची उघडी खिडकी. एवढ्या भांडवलावर काही जण सध्या घरीच पडदे शिवतायत. ते सरळ येत नाहीत, चौकोन जुळत नाहीत, आणि शिवणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही.

भाड्याच्या खोलीत राहायला आलं की पहिल्या दिवशी गादी येते, दुसऱ्या दिवशी बादली आणि मग येतो. खिडकीला मात्र पुढचे सहा महिने वर्तमानपत्र चिकटवलेलं असतं. (आमचं असेल तर हरकत नाही.) पुण्यात कर्वेनगर, कोथरूड किंवा आंबेगावच्या गल्ल्यांतून संध्याकाळी जाताना वर बघा. कुठे ओढणी बांधलीय, कुठे सोलापुरी चादर, कुठे ग्रिलला टॉवेल अडकवून त्याला कपड्यांचे चिमटे लावलेत. पडदा ही गोष्ट आपल्या यादीत कायम शेवटी असते, कारण 'इथे कुठे आपल्याला कायमचं राहायचंय?'

कर्वेनगरच्या एका तिसऱ्या मजल्यावर मात्र चार मुलींच्या फ्लॅटमध्ये एक पडदा लागलाय. एकोणपन्नास तुकड्यांचा. त्यात एक फाटका इंडिगो कुर्ता आहे, एका मैत्रिणीच्या युनिफॉर्मची चौकड्यांची पँट आहे, खालच्या टेलरकाकांकडून आणलेल्या ब्लाउजपीसच्या कडा आहेत आणि मधेच एक पिवळाधमक तुकडा आहे, ज्याचं कुळ-मूळ कुणालाच आठवत नाही. शिवणारी मुलगी मूळची लातूरची, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. तिसऱ्या ओळीपासून पुढे चौकोन एकमेकांच्या कोपऱ्याला भेटतच नाहीत. सकाळी नऊच्या सुमाराला ऊन आलं की समोरच्या भिंतीवर रंगांचे फिके डाग पडतात आणि चौघींपैकी जी आंघोळीच्या नंबराची वाट बघत असेल ती ते बघत बसते.

'तू शिवण शिकलीस कधी?' असं मी विचारलं तर ती म्हणाली, 'शिकले कुठे? शिवला.'

हे उत्तर मला फार आवडलं, कारण आपल्या पिढीचं नेमकं उलटं चाललंय. आपण गिटार घेण्याआधी गिटारचे चाळीस व्हिडिओ बघतो. चित्र काढायच्या आधी कुठला कागद, कुठला ब्रश याचा अभ्यास करतो. पॅचवर्कचंही तसंच. रीलमध्ये दिसणारं पॅचवर्क म्हणजे गोल पात्याचा कटर, खाली हिरवी मोजपट्टीची मॅट, प्रत्येक टिपेनंतर इस्त्री आणि शेवटी कोपऱ्याला कोपरा असा चिकटलेला की टाइल्स बसवल्यासारखं वाटावं. ते बघून आपण म्हणतो, भारी आहे. आणि फोन खाली ठेवतो. कात्री काही हातात घेत नाही.

यात थोडा हात शाळेचाही आहे. कार्यानुभवाच्या तासाला आपल्यातल्या कितीतरी जणांनी रुमाल शिवलाय. एका कडेला धावदोरा, दुसरीला टीप, तिसरीला साखळी टाका, कोपऱ्यात एक बटण. टाके सारख्या अंतरावर आले नाहीत की उसवा आणि पुन्हा घाला. सुईदोऱ्याशी आपली पहिली ओळख झाली ती मार्कांमधून. त्या रुमालाने कुणी कधी नाक पुसल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पडदा या भानगडीतून सोडवतो, याला कारण साधं आहे. कुर्ता शिवला तर तो अंगाला बसावा लागतो. मुंढा चुकला की हात वर होत नाही. उशीचा अभ्रा उशीला बसावा लागतो. पडद्याला कशालाच बसायचं नसतं. त्याला फक्त लटकायचं असतं. वर चुण्या पडतात, त्यात निम्मा वाकडेपणा जिरतो. उरलेला उजेडात दिसतो, पण उजेडात रंगच आधी दिसतात. पहिल्यांदा काही शिवायचं असेल तर पडद्याइतकी दयाळू वस्तू नाही.

आता हिशेब. समजा खिडकी तीन फूट रुंद आणि चार फूट उंच आहे. आठ इंचांचे चौकोन कापायचे. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो, म्हणजे हाताशी सात इंच राहतात. आडवे सात, उभे सात, एकूण एकोणपन्नास तुकडे, आणि साधारण एकोणपन्नास इंचांचा पडदा. रुंदीला खिडकीपेक्षा फूटभर जास्त, त्यामुळे चुण्या येतात. विकतच्या पडद्याला कापड खिडकीच्या दीडपट-दुप्पट धरतात, पण जोडाच्या पडद्याला शिवणींचंच वजन असतं, त्यामुळे एवढं पुरतं. वरून एक पाचेक इंचांची पट्टी जोडून तिचा नेफा करायचा. हो, परकराला असतो तोच नेफा. त्यातून नाडीऐवजी पडद्याची स्प्रिंग जाते. घरमालक खिळा ठोकू देत नसतील तर दोन भिंतींमध्ये ताणून बसणारा रॉड मिळतो, तो घ्यायचा.

आधी सात-सात तुकड्यांच्या उभ्या पट्ट्या जोडायच्या, मग पट्टीला पट्टी. सगळी मिळून सुमारे त्रेपन्न फूट टीप होते. ऐकायला भयंकर वाटतं, पण मशीनवर हे दोन संध्याकाळींचं काम आहे. हाताने धावदोरा घातला आणि मधेमधे एखादा टाका मागे घेतला तर रोज अर्धा-पाऊण तास धरून दोन-तीन आठवडे. हाताने शिवणाऱ्यांनी घाई करू नये, कारण घाई करण्यासारखं त्यात काही नसतं. एक पॉडकास्ट लावायचा, नाहीतर घरी फोन लावून स्पीकरवर ठेवायचा.

प्रत्येक तुकडा पाव इंचाने इकडे-तिकडे झाला तर सात तुकड्यांत मिळून पावणेदोन इंचांचा फरक पडू शकतो. मग एक पट्टी लांब, शेजारची आखूड. लातूरच्या मुलीने काय केलं? सगळ्या पट्ट्या वरच्या बाजूला एका रेषेत घेतल्या आणि खाली जे वाढलं ते वाढू दिलं. तिच्या पडद्याची खालची कड म्हणूनच दंतुर आहे. एका रूममेटला ती सुरुवातीला खटकायची. आता तिनेच त्या प्रत्येक टोकाला एकेक घुंगरू लावलंय.

पण 'परफेक्ट नको' म्हणजे 'काहीही चालेल' असं नाही बरं का. चार गोष्टींत आळस केला तर पडदा खरोखरच बिघडतो. कापड आधी धुऊन घ्यायचं. कोरं सुती कापड आटतं, जुनं आधीच आटलेलं असतं. दोन्ही शेजारी शिवली आणि मग धुतली की नवा तुकडा जुन्याला ओढतो आणि सगळ्याला फुगे येतात. रंगाचंही तसंच. गडद लाल, बांधणी, इंडिगो यांच्यावर ओला पांढरा रुमाल घासून बघायचा. रुमाल रंगला तर तो तुकडा पांढऱ्याच्या शेजारी लावायचा नाही. तिसरं म्हणजे तुकडा उरेब कापायचा नाही. कापडाचा उभा आणि आडवा धागा हाताने ताणून बघा, फारसा ताणत नाही. तिरका ताणा, लगेच येतो. उरेब तुकडा खाली वजन आलं की लोंबायला लागतो. आणि चौथं, आजीची रेशमी साडी कापू नका. भावनेपोटी म्हणत नाहीये. रेशीम उन्हाने कमकुवत होतं, आणि पडद्याचा तर जन्मच उन्हात जातो. सुती, मलमल, खादी, जुन्या चादरी उत्तम. मलमलीतून उजेड येतो, जीन्समधून येत नाही. हे दोन्ही शेजारी आले की दुपारी काय होतं ते बघाच.

लोंबण्यावरून आठवलं. सोलापूरच्या एका हॉस्टेलमधल्या इंजिनीअरिंगच्या मुलाने कॉलेज फेस्टच्या टी-शर्टांचा पडदा केला. असे टी-शर्ट सगळ्यांकडे चार-पाच तरी असतात. 'ऑर्गनायझिंग कमिटी २०२३' असं पाठीवर लिहिलेले, ते बाहेर घालता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. टी-शर्टचं कापड विणीचं, स्वतःच्याच वजनाने वाढणारं. महिनाभरात पडदा तीन बोटं लांब झाला. आता तो टेबलाला टेकतो. मशीन नव्हती, सगळं हाताने. 'पोरं आधी हसली,' तो सांगत होता, 'मग एकेक जण आपापला टी-शर्ट घेऊन आला. माझा पण लाव म्हणे.' त्याला मी विचारलं की मजा कशात आली? तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, 'चार वर्षांत ही एकच गोष्ट केली जिचं सबमिशन नव्हतं.'

कुणी काही घरी करायला लागलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला: विकतेस का? लातूरच्या मुलीने पडद्याचा फोटो स्टेटसला टाकला तर अर्ध्या तासात तीन जणींनी ऑर्डर घेतेस का म्हणून विचारलं. एका दादाने तर पेज काढून द्यायची तयारी दाखवली. विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, कौतुकाचीच ती एक पद्धत आहे. पण बघा ना, आपल्याकडे आता छंदाचंसुद्धा प्लेसमेंट व्हावं लागतं. केक करणारीने बेकरी काढावी, फोटो काढणाऱ्याने लग्नं घ्यावीत. पैसे कमावण्यात काही वाईट नाही, अनेकांना गरजही असते. पण पडदा विकायचा म्हटला की कोपरे जुळावे लागणार, खालची कड सरळ लागणार, पिवळा तुकडा 'मॅच होत नाही' म्हणून काढावा लागणार. म्हणजे ज्यासाठी शिवायला घेतला तेच उसवून टाकायचं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि तो बहुतेक वेळा घरातून येतो. तिच्या आईने फोटो बघून फोन केला. 'अगं, पैसे पाठवते, चांगला पडदा घे. ठिगळं कशाला लावून ठेवलीस खिडकीला? कुणी आलं-गेलं तर काय म्हणेल?'

हसण्यावारी नेण्यासारखं हे बोलणं नाही. आपल्याकडे तुकडे जोडून शिवणं ही काही नवी गंमत नाही. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक घालायचे, वर रंगीत तुकडे पसरायचे आणि सगळ्यातून धावदोरा फिरवायचा, ही आपली गोधडी. पश्चिम महाराष्ट्रात तिलाच वाकळ म्हणतात. ती शिवली जायची कारण दुसरं पांघरूण परवडत नव्हतं. ठिगळ हे गरिबीचं चिन्ह होतं आणि सगळ्यांना ते कळायचं. गाडगेबाबांनी ठिगळांचं वस्त्र अंगावर घेतलं त्याला वजन होतं ते म्हणूनच. या मुलीच्या आजीने दुसऱ्यांच्या वाकळा शिवून दिल्या आणि त्या पैशांवर घर चालवलं. आईने ते लहानपणी बघितलंय. त्यातून बाहेर पडून लेकीला पुण्यात एमएस्सीला पाठवलं, तर लेकीने खिडकीला काय लावलं? ठिगळं.

आपल्याला पॅचवर्क 'कूल' वाटतं त्याला कारण आहे, आपल्यावर त्याची सक्ती नव्हती. मॉलमध्ये ठिगळांचं जॅकेट हजारोंना मिळतं आणि बसस्टँडवर तेच ठिगळ बघून लोक पिशवी जवळ ओढतात. घरी शिवताना हे विसरू नये असं मला वाटतं. पण म्हणून शिवूच नये असंही वाटत नाही. कारण त्या गोधड्या नीट बघा. नुसती गरज असती तर तुकडे हाताला येतील तसे लावून मोकळ्या झाल्या असत्या बायका. लाल तुकड्याच्या शेजारी हिरवा कुणी ठेवला? मधोमध एक फुलाफुलांचा चौकोन कशाला? काम सक्तीचं होतं, पण त्यात आवडनिवडही होती, आणि तिचे मार्क कुणी देत नव्हतं.

असंच कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात दिसतं. गोव्याला लागून असलेल्या या जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज, आणि त्यांच्यातले बरेच जण घरी कोकणी बोलतात. त्यांच्या बायका शिवतात ती कवंदी. आधी आराखडा नाही, चौकोनांची आखणी नाही. एका कोपऱ्यातून सुरुवात करायची, कडेकडेने तुकडे लावत, धावदोरा घालत गोल फिरायचं आणि शेवटी मध्यावर येऊन पोचायचं. मध्ये काय येणार ते आधी ठरलेलं नसतं. चारही कोपऱ्यांना मात्र कापडाच्या घड्यांचे त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसतील तर ती कवंदी उघडी राहिली असं मानतात. म्हणजे टाके कसेही चालतील, पण फुला हवेतच. काय सोडायचं आणि काय नाही सोडायचं हे त्यांनी आपलं आपण ठरवलंय.

पडद्याच्या अगदी जवळ जाणारं उदाहरण कोरियाचं. तिथे जोसन राजवटीच्या काळात (१३९२ ते १९१०) घरोघरी उरलेल्या तुकड्यांचे मोठे रुमाल शिवत. वस्तू बांधायला, जेवण झाकायला. तुकड्यांच्या या रुमालाला जोगाकबो म्हणतात. त्याची शिवण अशी घालतात की कापडाची कापलेली कड दोन्ही बाजूंनी आत दडते, उलटं-सुलटं असं काही राहतच नाही. त्यामुळे पातळ कापडाचे जोगाकबो आता खिडकीत पडद्यासारखेही लावतात, उजेडात शिवणींच्या गडद रेघा दिसतात. आपल्या जीन्सच्या मांडीवर जी डबल टिपेची शिवण असते तिचं तत्त्व हेच. पहिल्या पडद्याला हे करायला जाऊ नका. मागून दोरे दिसले तर दिसू देत. फारच लोंबायला लागले तर झिगझॅग कात्रीने कड कापा.

तुकडे कुठून आणायचे असं विचाराल तर सगळ्यात आधी गल्लीतला टेलर आणि फॉल-पिकोचं दुकान. तिथे पोत्यात कात्रण साठलेलं असतं. (आमच्या धंद्यातही कात्रण म्हणतात, पण त्याचे पडदे होत नाहीत.) मागितलं तर बहुतेक जण तसंच देतात, फक्त दिवाळी-लग्नसराईत जाऊ नका, शिव्या खाल. पुण्यात दोरे, लेस, बटणं हवी असतील तर तुळशीबाग आहेच. मुंबईकरांना मंगलदास मार्केट आणि दादरचं हिंदमाता. पण खरं सांगू? एक सरळ कुर्ता उसवला तर गळा आणि विरलेला भाग सोडून पंधरा-एक चौकोन निघतात. चार जणींनी आपापलं कपाट उघडलं तर बाजारात जायची वेळच येत नाही.

मशीन मात्र कुणाची तरी मागावी लागते. कर्वेनगरच्या मुलींना ती मिळाली घरमालकीणकाकूंकडे. जुनी, काळी, पायाची मशीन, टीव्हीखाली टेबल म्हणून वापरात होती. काकूंनी आयुष्यभर घरचे कपडे शिवले, शेजारच्यांचे ब्लाउज शिवले, आणि त्यांच्या टिपा फूटपट्टीने मारल्यासारख्या असतात. पहिली पट्टी बघून त्या म्हणाल्या, 'अगं, उसव हे. सरळ घालून देते मी.' 'काकू, तुम्ही घातलीत तर तो तुमचा पडदा होईल,' असं ही म्हणाली. काकूंना ते पटलं नाही. पण बॉबिन भरून द्यायला, तेल घालायला आणि 'हात सोड, मशीन आपोआप कापड ओढते' हे सांगायला त्या रोज संध्याकाळी वर येत राहिल्या.

आई गेल्या महिन्यात लातूरहून आली. खिडकीपाशी गेली, पडद्याची कड धरली आणि उलटी करून बघितली. पुढून नाही, मागून. बराच वेळ. मग म्हणाली, 'दोरा दुहेरी घ्यायचा ना गं. एका धुण्यात सुटेल हा.' रात्री तिने वरच्या दोन पट्ट्यांवरून स्वतःच पुन्हा धावदोरा घातला, दुहेरी दोऱ्याने. बाकीच्या पाच पट्ट्या लेकीसाठी ठेवल्या. त्या अजून तशाच आहेत.

आणि काकूंनी उरलेले तुकडे मागून घेतलेत. स्वयंपाकघराच्या खिडकीला एक छोटा पडदा करायचाय म्हणाल्या. फक्त एक अट घातली. 'कापायचं काम माझं. तू कात्रीला हात लावू नकोस.'